सीलबंद सनरूफ

मी मुळात रागीट माणूस नाही. हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातून "बरं" एवढंच म्हणाली. ते ज्या सुरात म्हणाली त्याने मला राग आला, पण तो मुद्दा वेगळा. मुद्दा असा, की आमच्या गाडीच्या सनरूफचा स्विच दीड महिन्यात तीन वेळा बिघडला, आणि तिन्ही वेळा लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तो दातांनी चावून ठेवला होता.

सनरूफ म्हणजे गाडीच्या छपरातली सरकती काच. आरशाच्या वर एक बोटाएवढा स्विच असतो, तो पुढे दाबला की काच उघडते आणि मागे दाबला की मिटते. आमची बायको त्याला "भोक" म्हणते. पंधरा वर्षं म्हणतेय. पाहुणे बसलेले असताना म्हणते, "यांनी भोक असलेली गाडी घेतली." घरातल्या माणसानेच अशी संभावना केल्यावर बाहेरच्यांना काय बोलणार?

खरं सांगायचं तर आयुष्यात कुणालाही न विचारता घेतलेली अशी ही एकच वस्तू. नोकरी वडिलांनी सुचवली, घर मेहुण्याने बघून दिलं, चष्म्याची फ्रेमसुद्धा बायकोने निवडली. गाडी मात्र मी एका दुपारी एकटा गेलो आणि घेऊन आलो. ती घेतली त्या भोकासाठीच. आज कुणी विचारलं की इतक्या वर्षांत तुम्ही स्वतःच्या मर्जीने काय केलंत, तर मला खाली पार्किंगकडे बोट दाखवता येतं. म्हणून ती मला सोडवत नव्हती, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

तर या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. नियम असा, की पंधरा वर्षांनंतर गाडी तपासून घ्यायची. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नापास झाली तर महिनाअखेरीस नोंदणी रद्द आणि रवानगी भंगारात. वाहन तपासणी कार्यालयाने मला तारीख दिली अठ्ठावीस. सोबत सूचनांचा कागद होता. त्यात चौदावी सूचना अशी: "वाहनात बसविलेली प्रत्येक वस्तू चालू स्थितीत असावी." मी तो कागद वाचला, समाधानाने खाली गेलो, प्रत्येक वस्तू दाबून पाहिली आणि सनरूफ चार बोटं उघडून थांबलं. पुढेही जाईना, मागेही येईना.

मेहुणा त्याच संध्याकाळी आला. त्याला कोण कळवतं हे मी विचारत नाही, कारण घरात दोनच माणसं आहेत आणि त्यातला एक मी. त्याने छपराच्या फटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, कशाला ओढाताण करताय? भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. घरी येऊन घेऊन जाईल." जणू जुनी रद्दीच उचलून न्यायची होती! बायको म्हणाली, "अठ्ठावीसला पास झाली तर ठीक. नाही झाली, तर हा सांगेल तसं करायचं. आता मला रोज रोज त्या भोकाची चिंता नको." मी म्हणालो, "पास होईल." हे मी ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज मला स्वतःलाच नवा होता.

दुसऱ्या दिवशी फटीवर निळं प्लॅस्टिक बांधलं. अर्ध्या तासात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी खाली आले. हे निवृत्त इंजिनिअर. कसले ते कुणाला माहीत नाही, पण लिफ्ट, गळती, गुडघेदुखी आणि मुलांचे करिअर या सर्व विषयांवर त्यांचा सल्ला तयार असतो. ते म्हणाले, "प्लॅस्टिक काढा. पार्किंगमध्ये तंबू ठोकायला बंदी आहे."

"हा तंबू नाही."

"खांब नाही म्हणून तंबू नाही असं होत नाही. उद्या दुसरा बांधेल, परवा तिसरा. आणि मुळात स्विच बिघडलेला नसतोच. दाबायची पद्धत चुकते. तुम्ही लोक अंगठ्याने दाबता. तर्जनीने दाबायचा असतो."

त्यांनी तर्जनीने दाबला. मग मधल्या बोटाने. मग "करंट आत येतोय का बघू" म्हणून माझ्याच किल्लीने त्याच्यावर ठोकलं. शेवटी "मोटर गेलीय" असा निकाल देऊन ते लिफ्टने वर गेले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर अशा.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहून अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, स्विच सुटा येत नाही. पूर्ण छप्पर येतं."

"मग छप्पर द्या."

"छप्पर येणं बंद झालंय, सर."

असं म्हणून तिने मला अभिप्रायाचा फॉर्म दिला आणि आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात त्यावर खूण करा म्हणाली. मी सव्वीस वर्षं परीक्षा विभागात काढली आहेत आणि आता तिथे हेडक्लार्क आहे. हजारो फॉर्म माझ्या हाताखालून गेले आहेत. पण माणसाच्या तोंडात मारून वर त्याच्याचकडून मार्क मागण्याचं धाडस आमच्या खात्याला कधी झालं नाही.

शेवटी टायरच्या दुकानाच्या आणि झेरॉक्सच्या टपरीच्या मधल्या बोळात एक गाड्यांची वायरिंग करणारा सापडला. आजूबाजूचे त्याला फ्यूजमास्तर म्हणत. त्याने आइस्क्रीमच्या काडीने स्विच अलगद बाहेर काढला, उघडला आणि नखाच्या कपचीएवढी एक पितळी पट्टी मला दाखवली. "ही दमलीय." मग एक जुना रेडिओ फोडून त्यातली तशीच पट्टी कापली, डाग दिला, स्विच बसवला आणि दाबला. काच सरकन मिटली. सगळं वीस मिनिटांत झालं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण माझी कंबर तशी नाही.

"साहेब, एवढंच करा," तो म्हणाला, "सारखं चेक करत बसू नका. पट्टी नाजूक आहे."

आता हे मला सांगणं! ज्या माणसाने बेरीज तीनदा तपासल्याशिवाय गुणपत्रिका पुढे जाऊ दिली नाही, त्याला सांगतोय चेक करू नका. तरीही मी शब्द पाळला. पण आमच्या लोकांचं एक आहे. एखादी वस्तू दुरुस्त झाली असं ऐकलं, की ती स्वतः दाबून पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणाचाही विश्वास बसत नाही. डोअरबेल दुरुस्त झाली तर चार मजल्यांवरची माणसं येऊन ती वाजवून जातात. सेक्रेटरी आले. "झालं का काम? बघू." उघडलं, मिटलं. "आवाज येतोय थोडा." उघडलं, मिटलं. "नाही, तो माझ्या चपलेचा." उघडलं, मिटलं. मी मोजत होतो. अकराव्या वेळी उघडलं आणि तसंच राहिलं. "बघा," ते विजयाने म्हणाले, "मी म्हटलं होतं, मोटर गेलीय."

दुसऱ्यांदा दुरुस्त करून आणला तेव्हा मी इमारतीत कुणालाही सांगितलं नाही. गाडी गपचूप लावली. पण घरात तर सांगावंच लागतं. बायको भाजी आणायच्या निमित्ताने खाली गेली आणि एकदाच दाबून आली. मेहुणा गाडीत विसरलेला चष्मा शोधायला गेला, जो त्याच्या डोक्यावर होता, आणि त्यानेही एकदाच दाबला. त्या दोघांनी काही बिघडवून तर ठेवलं नाही ना, एवढंच पाहायला मी गेलो. तेवढ्यात दूधवाला म्हणाला, "साहेब, ते उघडतं म्हणे?" त्याला दाखवणं भाग होतं, कारण त्याच्या स्वरात शंका होती. दूधवाल्यासमोर काच अर्ध्यावर थांबली. घरी येऊन सांगितलं, तर दोघांचंही एकच मत पडलं, की बिघडला तेव्हा बोट कुणाचं होतं? बोट माझं होतं हे मी नाकारत नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही कुठली पद्धत?

तिसऱ्या वेळी फ्यूजमास्तरने रेडिओ माझ्यापुढे उलटा करून दाखवला. "संपल्या. तीनच होत्या. आता गेला तर माझ्याकडे येऊ नका. तपासणी कधी?"

"अठ्ठावीसला."

"आज चोवीस. चार दिवस हात लावू नका. कुणालाच लावू देऊ नका."

मी रस्ताभर विचार केला. चार दिवस. घरात बायको, वर सेक्रेटरी, मधून मधून मेहुणा, आणि मी स्वतः. सगळ्यांत जास्त भरवसा मला माझाच नव्हता. तेव्हा मला सुचलं, की लोकांनी ज्या वस्तूला हात लावू नये, तिचं काय करायचं हे तर मी सव्वीस वर्षं करत आलोय. प्रश्नपत्रिकांच्या लिफाफ्यांना लाखेचं सील कोण करतं? मी. आजवर एकही सील फुटलेलं नाही.

लाख स्वतःच्या पैशांनी आणली, हे इथे नमूद करतो. पितळी शिक्का मात्र विभागाचा होता. तो माझ्याच ताब्यात असतो, म्हणून डब्याच्या पिशवीतून घरी आणला. स्विचवर जाड कागदाची पट्टी ठेवली, तिच्यावर तारीख घालून सही केली आणि दोन्ही टोकांना लाख लावायला घेतली. लिफाफा टेबलावर असतो आणि गाडीचं छप्पर डोक्यावर, हा फरक माझ्या लक्षात जरा उशिरा आला. बायको मेणबत्ती धरून होती. लाखेचा पहिला थेंब माझ्या चष्म्यावर पडला, दुसरा कपाळावर.

"आई गं!"

"हलू नका, सांडेल," बायको म्हणाली.

"सांडलंय!"

पण सील झालं. "परीक्षा विभाग – गोपनीय" अशी अक्षरं छपराला गोल, लाल, स्पष्ट उमटली. सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी तर्जनी सरसावून आले, सील पाहिलं आणि हात खिशात घालून उभे राहिले. तिथूनच माघारी गेले. पंधरा वर्षांत त्यांना प्रथमच निरुत्तर झालेलं पाहून कपाळाची आग निम्मी कमी झाली.

अठ्ठावीसला मी आणि बायको दोघंही रजा टाकून गेलो. ती कशाला आली, तर म्हणे, "निकाल मला समोर बघायचाय." कार्यालयाच्या आवारात गाड्यांची रांग होती. आमचा नंबर अकराला लागला. निरीक्षक कोरा चेहरा आणि छातीशी धरलेली लिहायची पाटी घेऊन आले. दिवे पास, ब्रेक पास, वायपर पास, हॉर्न तर इतका पास, की पुढचा ट्रकवाला खाली उतरून आला. मग त्यांनी वर पाहिलं.

"हे काय?"

"सील."

"कुणी केलं?"

"मीच."

"कशाला?"

"कुणी दाबू नये म्हणून."

"मला दाबायचंय."

"दाबा ना. तोडा सील."

ते दोन पावलं मागे सरले. "मी? दुसऱ्या खात्याचं सील? वर 'गोपनीय' लिहिलंय. नोकरी घालवायचीय का माझी?"

"अहो, मग मी तोडतो. मीच केलंय."

"तुम्ही इथे गाडीमालक म्हणून आलाय. गाडीमालकाला सरकारी सील तोडता येतं का? तुमच्या विभागाची लेखी परवानगी आणा. चारला खिडकी बंद होते. आज शेवटचा दिवस आहे तुमचा."

सगळ्यांत संताप कशाचा आला सांगू? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, आणि वर नियम क्रमांकही सांगितला असता. चूक असलेल्या माणसावर ओरडता येतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं? शिवाय लाखेची कल्पना ना मेहुण्याची होती, ना सेक्रेटरींची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझाच होता.

बायकोला गाडीपाशी ठेवून मी रिक्षाने माझ्याच कचेरीत गेलो. आवक टेबलावरच्या बाईंना मीच कामाला लावलंय. त्यांनी माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि परत सरकवला. "सर, विषय लिहिलेला नाही." विषय लिहिला. "सर, समास दीड इंची हवा." मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच शिकवलंत, सर," त्या नम्रपणे म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच नम्र होत्या. नवा कागद घेतला. मग समजलं, की अशा अर्जावर हेडक्लार्कचा शेरा लागतो. म्हणून माझ्या टेबलाशी जाऊन, माझ्या खुर्चीत बसून, "अर्जदाराचे म्हणणे सकृद्दर्शनी खरे वाटते" असं लिहिलं आणि साहेबांकडे पाठवलं.

साहेबांनी मला आत बोलावलं. "म्हणजे विभागाचा शिक्का तुम्ही तुमच्या गाडीच्या छपराला मारलात?"

"हो, साहेब."

"छपरात प्रश्नपत्रिका आहेत का?"

"नाही, साहेब. भोक आहे."

बाहेर कुणीतरी जोरात खोकलं. साहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. सव्वीस वर्षांत मी या खोलीत खाली मान घालून कधी उभा राहिलो नव्हतो. त्या दिवशी राहिलो. कान तापले होते आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, हे लिहायला आता संकोच वाटत नाही. साहेबांनी परवानगी दिली, सोबत मला उद्यापर्यंत खुलासा सादर करायला सांगणारा मेमो दिला, आणि परवानगीत अट घातली: नियमानुसार सील दोन साक्षीदारांसमक्ष फोडावे, साक्षीदार अर्जदाराचे नातेवाईक नसावेत. तो नियमही मीच टाइप केलेला.

परत पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ऊन रणरणत होतं, आवारात एका झाडाचीसुद्धा सावली नव्हती. आमची गाडी तिथेच होती, काचा बंद आणि दारं आतून लावलेली. आत बायको घामाने डबडबून बसली होती. मला पाहून तिने दार उघडलं.

"अगं, काचा तरी खाली करायच्या!"

"केल्या होत्या. तर जो येतो तो आत हात घालतो. 'ते लाल काय आहे?' म्हणे. त्या ट्रकवाल्याने नखाने उकरायला घेतलं होतं. मग बंद केल्या."

"साडेचार तास?"

"मग काय करू? शिपायाने विचारलं, 'बाई, ही भंगारातच जाणार ना?' म्हटलं, तुला कोण विचारतंय?"

"तू पण तेच म्हणत होतीस," मी म्हणालो.

"मी म्हणेन. घरचं माणूस काहीही म्हणेल. त्याने का म्हणावं?"

मी साक्षीदार शोधायला गेलो. ट्रकवाला आणि तोच शिपाई असे दोघे मिळाले. निरीक्षकांनी परवानगी दोनदा वाचली, उजेडात धरून शिक्का पाहिला. ट्रकवाल्याने "सील शाबूत आहे" असं मोठ्याने सांगितलं, दोघांनी सह्या केल्या आणि मी पेपरकटरने लाख फोडली. चार वाजायला सात मिनिटं होती. निरीक्षकांनी स्विच पुढे दाबला.

काच उघडली. मागे दाबला. काच मिटली.

एवढं सुरळीत काम माझ्या बाबतीत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. निरीक्षकांचा कोरा चेहरा प्रथमच हलला. "वा! या वयात चांगलं चालतंय हो. परत बघू." त्यांचं बोट वर गेलं. मागून शिपाई म्हणाला, "साहेब, एकदा मी?" ट्रकवाल्याने बाह्या सरसावल्या.

माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. सकाळपासून जो तो त्याला हाकलत होता, आता त्याची वेळ होती. मी हात आडवा घातला.

"माफ करा साहेब. परीक्षा झाली, उमेदवार पास झाला. पुन्हा तपासायचं असेल तर फेरतपासणीचा रीतसर अर्ज करावा लागेल. निकाल जाहीर झाल्यावर. पंधरा दिवसांच्या आत."

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. तेही सरकारी माणूस. त्यांनी बोट खाली घेतलं. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि कागदावर शिक्का मारला.

पाच वर्षं मिळाली. मी गाडी बाहेर काढली. डोक्यात मेमो, मेहुणा, सेक्रेटरी आणि उद्याचा खुलासा यांची एकच गर्दी झाली होती. रस्त्याला लागल्यावर बायको पदराने वारा घेत म्हणाली, "उघडा ना ते."

मी गाडी बाजूलाच घेतली. "आता तूसुद्धा? अगं, आत्ताच सगळ्यांसमोर चाललं. शिक्का मारलाय! अजून काय तपासायचंय?"

"तपासायला कोण सांगतंय?" ती म्हणाली. "उकडतंय मला."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पंधरा वर्षांत किती लोकांनी तो स्विच दाबला असेल, माझ्यासकट. चालतो का बघायला, बिघडला का बघायला, दूधवाल्याला दाखवायला. वाऱ्यासाठी कुणीही दाबला नव्हता. मी तर्जनीने की अंगठ्याने ते आठवत नाही, पण दाबला. काच पूर्ण मागे गेली, वारा आत आला, आणि बायकोने डोकं मागे टेकून डोळे मिटले.

या गोष्टीला आज चार दिवस झाले. काच उघडीच आहे. परत मिटते की नाही, हे आम्ही दोघांनीही अजून तपासलेलं नाही.